खळीच्या हंड्यातला तुकडा

पिशवीवरचं नाव तिप्पण्णाने दोनदा वाचलं आणि त्यानंतर डॉक्टर काय बोलत होते ते त्याच्या कानात शिरेना. इंग्रजी त्याला येत नव्हतं. एखादं वाक्य वाच म्हटलं असतं तर त्याने मान खाजवली असती. पण हे नाव त्याला तोंडपाठ होतं, कारण गेली चार वर्षं कारखान्यातल्या पोत्यांवर ते रोज डोळ्यांसमोर असायचं, काळ्या छापाचं, लांबलचक, पॉलिव्हिनाइल अल्कोहोल. त्याच्या खळीची पावडर! सुताचा उभा ताणा मागावर चढण्याआधी ज्या खळीत बुचकळून काढतात, त्या खळीची. ती इथे कशी आली? सात रस्त्यावरच्या या पहिल्या मजल्यावरच्या दवाखान्यात, डॉक्टरांच्या टेबलावर, पांढऱ्या ट्रेमध्ये? त्याला आधी वाटलं, आपल्याच कारखान्यातून कुणीतरी आणून दिली असणार. मग वाटलं, छे, डॉक्टरला काय करायची खळ. एवढ्यात डॉक्टर म्हणाले, "हेच आपण तुमच्या मिसेसच्या रक्तवाहिनीत सोडणार आहोत," आणि तिप्पण्णाला हसू आलं. चांगलं खळखळून हसू आलं. त्याने तोंडावर हात धरला, खोकल्यासारखं केलं, आणि डॉक्टर आपल्याकडे बघतायत हे लक्षात आल्यावर त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

डॉक्टर हत्तुरे तसे भले गृहस्थ. सहा वर्षं अमेरिकेत काढून गावी परतले होते, पण पेशंटच्या म्हातारीशी कानडीत बोलायचे आणि आपली खुर्ची सोडून पेशंटच्या बाजूला येऊन बसायचे. मागच्या खेपेला, बायकोला तपासून झाल्यावर, त्यांनी तिप्पण्णाला सगळं दोन वेळा समजावून सांगितलं होतं. रुद्राणीच्या उजव्या कानामागची गाठ ही गाठच नव्हे. तो शिरांचा गुंता आहे. जन्मापासूनचा. रक्त तिथे भलत्या वाटेने जोरात घुसतंय. सरळ सुरी लावली तर रक्त आवरायचं नाही. म्हणून मांडीतल्या शिरेतून एक बारीक नळी आत सरकवायची, पडद्यावर बघत बघत मानेपर्यंत न्यायची आणि तिच्यातून हे कण सोडायचे. कण जाऊन गुंत्यात अडकतात, वाट बुजते, आणि मग तीन-चार दिवसांनी गुंता काढून टाकायचा. आणि नाही केलं तर? तर एक दिवस ती फुटेल, डॉक्टर म्हणाले होते. माघात ती नुसती केस विंचरताना फुटलीच होती की थोडी. रुद्राणीने दोन लुगडी आणि एक चादर दाबून धरली होती आणि तिन्हींतून रक्त येत होतं, आणि तिप्पण्णा कोपऱ्यात उभा राहून "अव्वा, अव्वा" म्हणत होता. त्याची आई गंगम्मा वारून तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

ट्रेमध्ये त्या पिशवीतून काढलेला, साबणाच्या वडीएवढा एक पांढरा ठोकळा होता, एक कानस होती आणि एकात एक बसणाऱ्या तीन छोट्या चाळण्या. डॉक्टरांनी ठोकळा हातात घेऊन दाखवला. हा स्पंज. बाजारात कण तयार मिळत नाहीत, आपले आपणच करायचे. कानशीने घासायचा, चाळायचा, एका मापाचे कण वेगळे काढायचे, मग निर्जंतुक करायचे. हे मात्र तिप्पण्णाला पटकन समजलं. हातकाम होतं ते. चाळण त्यालाही लागायची, गुठळी राहिली की धागा तुटतो. त्याने विचारलं, "साहेब, पर हे इरघळत न्हाय काय आत?" डॉक्टर हसून म्हणाले, "नाही हो, याला फॉर्मलिन देऊन पक्कं केलेलं असतं." पक्कं केलेलं म्हणजे काय, हे विचारायला तिप्पण्णाचं तोंड उघडलं, पण तेवढ्यात बाहेर कुणाचं तरी पोर किंचाळलं आणि डॉक्टर उठले. जाता जाता त्यांनी एक छापील फॉर्म त्याच्या हातात ठेवला. "वाचा. एखादा कण चुकून मेंदूकडे गेला तर धोका आहे, ते मी लपवत नाही. सही करून उद्या सकाळी आठला त्यांना घेऊन या. पोटात काही नको." ते बाहेर गेले. तिप्पण्णा खोलीत एकटा उरला. ट्रेच्या कडेला ठोकळ्याचा एक तुकडा पडला होता, शेंगदाण्याएवढा. तो आपण कधी उचलला आणि सदऱ्याच्या खिशात कधी टाकला हे त्याला पुढे कितीही आठवून आठवेना.

जिना उतरून तो रस्त्यावर आला तेव्हा उन्हं चांगली तापली होती. मार्च लागला होता आणि सोलापूरचं ऊन मार्चमध्येच डोक्यात शिरतं. घरी जायचं तर डावीकडे, कारखान्याला जायचं तर उजवीकडे. तो सरळच चालत सुटला. खिशातला तुकडा बोटांना लागत होता, कडक, खरखरीत. आपण चोरी केली. आता मोजलेल्या मालात तेवढा कमी पडला तर? एखादी शीर बुजायची राहिली आणि त्यातूनच रक्त आलं तर? परत नेऊन ठेवावा का? पण परत नेऊन सांगायचं काय? तो एका सायकलच्या दुकानापुढे थांबला, दुकानदाराने काय पाहिजे विचारलं, तो काही नाही म्हणाला आणि पुढे गेला. फॉर्मलिन म्हणजे काय? पावडर कधी पक्की होत नाही. तिची सगळी गंमतच ती आहे की ती पक्की होत नाही. गार पाण्यात नुसती फुगून बसते आणि पाणी तापलं की बघता बघता दिसेनाशी होते, नुसतं दाट, निवळ पाणी राहतं, आणि सुताला ते असं काही धरतं की मागाचा ठोका खाऊनही धागा दम सोडत नाही. कापड विणून झालं की ऊन पाण्यात टाकायचं, खळ सुटते, गटारात जाते. लावायची ती काढून टाकण्यासाठीच. वीस वर्षं हेच केलं त्याने. माणसाचं अंग ऊनच असतं. आणि रक्त म्हणजे पाणीच, दुसरं काय?

वीस वर्षांपूर्वी पावडर कुठली! तेव्हा मक्याचं पीठ असायचं, चिंचोक्याचं पीठ असायचं आणि चरबी असायची. बोकडाची चरबी, डब्यात गोठलेली, पिवळट. ती पळीने काढून हंड्यात टाकायची, म्हणजे धागा मऊ राहतो. पहिल्या दिवशी तिप्पण्णाला ओकारी आली होती. घरी कांदा चिरलेली विळीसुद्धा आई चार वेळा विसळायची, आणि गळ्यात लिंग असलेला तिचा मुलगा हा असला वास घेऊन दारात उभा! गंगम्मा ओरडली, "तितंच थांब!" मग न्हाणीत दोन घागरी अंगावर घेतल्याखेरीज त्याला आत पाऊल टाकायची मुभा नव्हती. लग्न होऊन रुद्राणी आली, अक्कलकोटकडची, सोळा वर्षांची, तीही तोंडाला पदर लावायची, पण पदराआड हसायची. "बोकड आलं," असं ती चुलीपुढून हळूच म्हणायची. आणि मग चार वर्षांपूर्वी टेरिकॉटचं सूत आलं आणि त्याबरोबर ही पावडर आली. वास नाही, चव नाही, किडा नाही, कुणा मुक्या जीवाचं काही नाही. तिप्पण्णाने पहिल्या दिवशी ओंजळभर हातात घेऊन बघितली होती आणि त्याचे डोळे भरून आले होते, हे त्याने कुणाला सांगितलं नाही. त्या दिवशी तो आंघोळ न करता सरळ स्वयंपाकघरात जाऊन बसला. रुद्राणीने त्याला जवळ येऊन हुंगलं आणि म्हणाली, "आज कुटं कामाला गेलता का न्हाय?"

चार वर्षांपूर्वी. तिप्पण्णा भर रस्त्यात थबकला आणि मागून येणाऱ्या टांगेवाल्याने त्याला आईवरून शिवी दिली. गाठ वाढायला लागली तेव्हापासूनच की! आधी ती नुसती सुपारीएवढी होती, केसांत लपायची. मग ती लिंबाएवढी झाली, आणि तीही गेल्या तीन-चार वर्षांत. तो न धुता घरी जात होता. भुवयांवर, कोपरांवर, सदऱ्याच्या शिवणीत पावडर असायची. त्याच हातांनी तो रुद्राणीच्या परातीतलं पीठ पुढे सरकवायचा, तिच्या कानामागे हात ठेवायचा. शिवा शिवा. म्हणजे आपणच आणून भरली का ती तिच्या अंगात? आणि आता डॉक्टर म्हणतो, तीच अजून थोडी भरू म्हणजे बरं वाटेल. आजार तोच आणि औषध तेच, असं कुठे असतं का? पण डॉक्टर तर म्हणाले, जन्मापासूनचं. सासूही म्हणायची, पाळण्यात होती तेव्हापासून त्या जागी हात ठेवला की थडथड लागायचं. मग? मग वाढली का? बाळंतपणात वाढली असेल. लेक गुरम्मा लग्न होऊन माळशिरसला गेली, आता बाळंतपण कुठलं काढतोस, तिप्पण्णा? एक धागा हातात येतो म्हणावं तर दुसरा निसटत होता, आणि डोक्यात सगळा गुंताच गुंता. त्याने गळ्यातल्या लिंगाला सदऱ्यावरूनच हात लावला आणि तो उजवीकडे वळला, कारखान्याकडे.

तिथे आज त्याची रजा होती. हंड्यावर नागप्पा होता, त्याच्याहून दहा वर्षांनी मोठा, डोळ्यांत मोतीबिंदू उतरत चाललेला, पण खळ दाट झाली का पातळ हे वाफेच्या वासावरून सांगणारा. "काय बे तिप्पण्णा, रजा घिऊन हितं काय करायलास?" नागप्पा म्हणाला. "वहिनीला दाखवलं न्हवं?" तिप्पण्णाने मान हलवली. हो की नाही ते नागप्पाला कळलं नसावं, कारण त्याने पुन्हा विचारलं. तिप्पण्णा चिंध्यांच्या ढिगाकडे वळला. त्याने मलमलीची एक चिंधी शोधली, तीत तो तुकडा ठेवला, सुताने गच्च गाठ मारली, सुताचं दुसरं टोक हंड्याच्या दांडीला बांधलं आणि चिंधी उकळत्या खळीत सोडली. नागप्पा डोळे बारीक करून बघत होता. "काय शिजवायलास? साबुदाणा?" "अर्धा तास हलवू नको, नागप्पाअण्णा. पाया पडतो," तिप्पण्णा म्हणाला. म्हाताऱ्याने वाफेचा कॉक थोडा उघडला आणि स्टुलावर जाऊन तंबाखू मळत बसला.

अर्धा तास म्हणजे केवढा असतो! हंडा गदगदत होता, बुडबुडे फुटत होते, पलीकडे ताणा खळीतून निघून गरम रुळांवरून वाळत वाळत जात होता, हजारो धागे एकाशेजारी एक, आणि तिप्पण्णाला ते धागे धागे दिसेनात. रुद्राणीच्या शिरा दिसायला लागल्या. अशाच उभ्या, ताणलेल्या, आतून खळ भरत चाललेल्या. मानेतून वर, डोक्यात, कपाळात. सकाळी उठवायला जावं तर ती कोऱ्या मांजरपाटासारखी कडक झालेली. तो घामाने भिजला. लग्नानंतर आठेक दिवसांनी, दुपारी घरात कुणी नसताना, तिने त्याला विचारलं होतं, "तुमच्याबी कानात वाजतं का हो?" काय वाजतं? तिने आपला कान पुढे केला. "हितं कान लावा." त्याने तिच्या कानामागे कान लावला आणि आतून सूं… सूं… असं ऐकू आलं, ठोक्याबरोबर, कुणीतरी लांब सूप पाखडतंय तसं. तिला वाटत होतं सगळ्यांनाच तसं ऐकू येतं. त्याला नाही येत म्हटल्यावर तिचं तोंड एवढंसं झालं होतं. मग त्याने खोटं सांगितलं. "येतं की," म्हणाला, "जरा बारीक येतं." वीस वर्षं झाली, ते खोटं त्याने अजून मागे घेतलेलं नव्हतं. डॉक्टर कण सोडणार म्हणजे तो आवाज बंद होणार. तो बंद झालेला आपल्याला पाहिजे आहे का? हा कसला प्रश्न! पाहिजेच. पाहिजेच की. पण प्रश्न डोक्यातून जाईना, आणि तो आला म्हणून तिप्पण्णाला स्वतःचा रागही येईना, नुसतं काही सुचेनासं झालं.

नागप्पा म्हणाला, "झाला बे अर्धा तास." तिप्पण्णाने सूत ओढलं. चिंधी वर आली, वाफाळत, दाट खळीने लडबडलेली. त्याने ती नळाखाली धरली, गाठ दातांनी सोडली. आता काही नसणार, त्याने स्वतःला बजावलं. काही नसू दे. विरघळलेला असू दे, म्हणजे सरळ दवाखान्यात जाऊन सांगता येईल, साहेब, तुमचं चुकलं, हे मी वीस वर्षं करतोय, हे माझं काम आहे. आणि मग फॉर्म परत. सही नाही, काही नाही. चिंधी उघडली. तुकडा होता. होता तेवढाच, उलट फुगून थोडा मोठा झालेला, आणि मऊ, पावाच्या गाभ्यासारखा. बोटाने दाबला की चेपायचा, सोडला की पुन्हा होता तसा. बाजूची सगळी पावडर पाणी झाली होती आणि हा तसाच. तिप्पण्णाने तो जिभेवर ठेवला. खळ पारखायची त्याची ती सवयच होती. चव लागली नाही. दाताखाली धरला. तुटला नाही. नागप्पाने जवळ येऊन विचारलं, "इरघळलं न्हाय?" "न्हाय," तिप्पण्णा म्हणाला. "मग चांगलं का वाईट?" नागप्पाने विचारलं. तिप्पण्णाने तुकडा पुन्हा चिंधीत गुंडाळून खिशात टाकला. नागप्पा खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जा बे घरी. तोंड बघ कसं झालंय."

घराकडे चालताना त्याला हलकं वाटायला हवं होतं. डॉक्टर खरं बोलले होते, पक्कं म्हणजे पक्कं, उकळत्या खळीतही न हलणारं. मग पाय का जड? बाळीवेशीच्या कोपऱ्यावर त्याने एका टपरीवर चहा मागितला आणि तो तसाच ठेवून निघाला. हा कण आता तिच्या अंगातून कधीच निघणार नाही. आयुष्यात तो एकच गोष्ट शिकला होता, लावायचं आणि धुऊन काढायचं. हे धुऊन निघणारं नव्हतं. समजा, एक कण चुकला आणि मेंदूकडे गेला, तर तोही निघायचा नाही. कुठल्याही ऊन पाण्याने नाही, कुठल्याही देवाने नाही. आणि खाली सही कुणाची? तिप्पण्णा शिवलिंग म्हेत्रे याची. तिथे मात्र त्याला पहिल्यांदा नीट कळलं की तो सकाळपासून कशामागे धावत होता. त्याला तुकडा विरघळायला हवा होता. सही चुकवायची होती त्याला. बाकी सगळं, फॉर्मलिन, पावडर, अंगाची ऊब, सगळी सबब होती. घाबरट आहेस तू, तिप्पण्णा. कोपऱ्यात उभा राहून मेलेल्या आईला हाका मारणारा. हे कळलं म्हणून गोंधळ कमी झाला, असंही नाही. सही केली आणि ती गेली तर? नाही केली आणि उद्या परवा फणी लागली आणि गाठ फुटली तर? दोन्हींकडे तीच रुद्राणी.

ती कडक भाकरी थापत होती. पाच वाजले असतील. उद्या दवाखान्यात जायचं म्हणून तिने जास्तीच्या करायला घेतल्या होत्या, पंधरा दिवस टिकाव्यात म्हणून, पापडासारख्या पातळ. परातीतला हात न थांबवता तिने विचारलं, "लई वेळ लावलासा. काय म्हटले डाक्टर?" केस तिने डाव्या खांद्यावर घेतले होते, गाठीला ताण पडू नये म्हणून. तो भिंतीला टेकून खाली बसला. सांगायला कुठून सुरुवात करावी ते कळेना, म्हणून त्याने शेवटापासून केली. खिशातून चिंधी काढली आणि तुकडा तिच्या पिठाच्या हातावर ठेवला. "हे घालणार हायत तुझ्या शिरेत. बारीक करून." तिने तो उलटसुलट केला. "एवढं मऊ?" "खळीत शिजवलाय मी त्याला. अर्धा तास. इरघळतो का बघायला." रुद्राणीने कपाळावर पिठाचा हात मारला. "अय्यय्यो! मला घालायचं ते तुमी खळीत शिजवलं? आन् डाक्टरच्या हितनं चोरून आणलं व्हय? तरी बरं, कालवणात न्हाय टाकलं!" ती हसली. तोंडभर हसली. तिप्पण्णाला हसू आलं नाही. त्याचे डोळे वाहायला लागले आणि ते थांबवायचं कसं हेही त्याला समजेना.

तिने भाकरी तव्यावरून उतरवली, हात पदराला पुसले आणि त्याच्यापुढे येऊन बसली. "आता नीट सांगा. सगळं." त्याने फॉर्म काढला. तो मराठीत होता आणि रुद्राणीची शाळा अक्कलकोटला कानडीत चौथीपर्यंत झालेली. तिला मराठी बोलायला येई, अक्षर लागत नसे. आजवर जे काही वाचायचं ते तो वाचायचा आणि त्याला वाटेल तेवढं तिला सांगायचा. आताही त्याने वाचायला घेतलं, आणि मधल्या ओळीशी आल्यावर ती ओळ सोडून पुढच्या ओळीवर उडी मारली. "थांबा," ती म्हणाली. "मधलं गाळलं तुमी. ओळ गाळली की तुमचा श्वास अडकतो, कळतं मला." मग त्याने वाचलं. हळूहळू, एकेक शब्द. कण अन्यत्र गेल्यास अर्धांगवायू, दृष्टी जाणे किंवा मृत्यू संभवतो, याची मला कल्पना दिली आहे. मला म्हणजे कुणाला? तो थांबला. खरंच, कुणाला दिली होती कल्पना? त्याला. दोन वेळा. डॉक्टरांनी खुर्ची सोडून, शेजारी बसून. आणि रुद्राणी मागच्या खेपेला, त्या वेळी, बाहेर बाकावर बसून दुसऱ्या कुणाच्या तरी पोराला खेळवत होती.

चुलीतलं लाकूड एकदा खाली बसलं. मग तिने विचारलं, "माझं नाव कुटंय यात?" त्याने कागदावरून बोट फिरवलं. वर नर्सने निळ्या शाईने लिहिलं होतं, सौ. टी. एस. म्हेत्रे. खाली, पतीची सही. "हे काय, हितं हाय की. सौभाग्यवती…" "ते तुमचं नाव हाय," रुद्राणी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. ती उठली, कोनाड्यातून त्याचं पेन घेऊन आली, कागद पाटावर ठेवला आणि मांडी घालून बसली. "कुटं करायची?" "अगं पर हितं नवऱ्याची लागते. डाक्टर काय म्हणतील?" "डाक्टर म्हणू द्या काय म्हणायचं ते. कुटं करायची, बोट ठेवा." त्याने बोट ठेवलं. तिने जीभ दातात धरून, थांबत थांबत, गोल गोल अक्षरं काढली. वीस वर्षांत तिने काही लिहिलेलं त्याने पाहिलं नव्हतं. कानडी तो जन्मापासून बोलत होता, पण ते अक्षर त्याला येत नव्हतं, आणि आपल्या बायकोचं नाव समोर असून त्याला ते वाचता येईना. "काय लिहिलंस?" त्याने विचारलं.

"रुद्राणी," ती म्हणाली. "दुसरं काय लिहिणार?" मग तिने पेन त्याच्यापुढे धरलं. "आता शेजारी तुमी करा. उद्या माझं काय कमीजास्त झालं तर तुमी जन्मभर भिंतीला टेकून म्हणत बसणार, मी सही केली, मी सही केली, मीच मारलं हिला. मला ठावं हायसा तुमी. तसं व्हायला नको. माझी मी आधी केली, हे दिसू दे त्या कागदावर." आणि ती उठून पुन्हा परातीपुढे जाऊन बसली, कारण तवा तापून धूर सोडायला लागला होता. तिप्पण्णाने पेन हातात घेतलं. तिची अक्षरं अजून ओली होती. ती पुसू नयेत म्हणून त्याने हात उचलून धरला आणि शेजारच्या रिकाम्या जागेत, जरा खाली, आपलं नाव लिहिलं.